वायवर्ण्याची साल

मिठबावच्या सड्यावर त्या वर्षी आंबा एकदम तयार झाला. एरवी हापूस पाळीपाळीने हाताशी येतो. आज ह्या कलमावरची चार क्रेट, परवा त्या. पण त्या साली मोहोर लांबला आणि चैत्रात ऊन असं कडकडलं की साऱ्या बागेतल्या फळांनी एका दमात देठाजवळचे खांदे भरले. काढला नाही तर झाडावरच डागी होणार, गळणार. त्यातच शिमग्याला गावी गेलेले नेपाळी गडी अर्धेही परतले नव्हते. त्यामुळे साठी ओलांडलेला गुरुदास उजाडल्यापासून झाडावर असायचा.

झाडावर त्याच्यासारखा माणूस आसपासच्या वाड्यांत नव्हता. कमरेला दोर, हातात घळ. लांब काठीच्या टोकाला जाळी बांधलेली ती घळ त्याच्या हातात अशी फिरायची, की फळ देठासकट जाळीत उतरायचं आणि चिकाचा थेंब सालीवर सांडायचा नाही. फांदीवर तो असा उभा राहायचा, जणू अंगणातच उभा आहे.

पण त्या दिवशी तो सकाळपासून सारखा खाली उतरत होता. उतरायचा, बागेच्या दगडी गडग्याच्या आडोशाला जायचा, उभा राहायचा. जोर करावा तर थेंब, मग बारीकशी धार, मग परत थेंब. ओटीपोट तुंबल्याची कळ तशीच. मागून समर्थ ओरडला, "आबा गडग्याक शिंपणा करतत रे! औंदा गडग्याक मोहोर येतलो!"

गडी हसले. समर्थ वाडीतलाच, हाताला चलाख आणि तोंडाला फाटका. गुरुदासनेही हसल्यासारखं केलं, लुंगी आवळली आणि तो परत कलमाकडे आला. पहिल्या फांदीवर पाय ठेवताना त्याने मनाशी ठरवून टाकलं, आता दिवसभर पाणी प्यायचं नाही. पाणीच प्यायलं नाही तर उतरायची पाळी कशाला येईल?

हे दुखणं आजचं नव्हतं. दोन पावसाळे तो ते अंगावर काढत होता. पहिल्यांदा बायकोच्या, सुभद्राच्या लक्षात आलं. तिने एकदोनदा विचारलं, तो खेकसला, तशी ती गप्प राहिली. मुलगा मितेश बोटीवर, आठ-आठ महिने समुद्रात. घरात सून आकांक्षा. तिच्यासमोर तर असला विषय ओठावर आणणंही गुरुदासला मरणासारखं वाटायचं. शेवटी दिवाळीनंतर तो गणपतकडे गेला.

गणपतचं घर खाडीच्या अंगाला, काजूच्या बागेत. वयाने दोघे बरोबरीचे, एकाच शाळेत जमिनीवर मांडीला मांडी लावून बसलेले. गणपत झाडपाल्याचं औषध द्यायचा, तेही एवढ्या एकाच दुखण्यावर. मणक्याला, दम्याला, मूळव्याधीला कोणी आलं तर हात जोडायचा. गावातले पन्नाशीपुढचे निम्मे पुरुष कधी ना कधी त्याच्या पडवीत बसून गेले होते, आणि एकानेही ते दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

"किती दिस झाले?" गणपतने विचारलं.

"दोन पावसाळे."

"आग होता? रगत दिसता?"

"नाय."

"डॉक्टराक दाखवलंस? रगत तपासलंस? पोटाची सोनोग्राफी?"

ही त्याची अट होती. आधी तपासणी, मग औषध. कितीतरी माणसं ह्या अटीवर चिडून उठून गेली होती. गणपतचं त्यावर एकच म्हणणं असायचं, आणि ते त्याने त्या दिवशी गुरुदासलाही सांगितलं. "माजी साल वाट सैल करता, गुरुदास. आत काय बसलाहा ता तिका दिसणा नाय. ता बघूचा काम डॉक्टराचा."

गुरुदासच्या डोळ्यांपुढे पडदा लावलेली खोली आली, रबरी हातमोजे आले, 'कपडे काढा' म्हणणारा कोणी परका माणूस आला.

"सगळा करून इलंय," तो म्हणाला. "कणकवलेक. काय वायट नाय म्हणालो डॉक्टर."

गणपतने त्याच्या तोंडाकडे क्षणभर बघितलं. मग तो उठून आत गेला आणि वायवर्ण्याच्या सालीचे तुकडे घेऊन आला. वायवर्ण्याची कोवळी पानं भाजीला नेणारे पुष्कळ, सालीची कदर करणारा हा एकटा. साल काढतानाही तो झाडाच्या एकाच अंगाची, हातभर काढायचा आणि उघड्या पडलेल्या जागी शेण लिंपायचा. किनाऱ्यावरच्या रेतीत पायाला टोचणारे सराटे वेचून, वाळवून त्याने त्यांची पूड केलेली असायची. दोन्ही कागदात बांधून त्याने गुरुदासच्या हातात दिलं. घ्यायचं काही नाही, हा त्याचा नेम. फार तर एखादा नारळ ठेवलात तर तो नको म्हणायचा नाही.

सुभद्रा रोज सकाळी काढा उकळायची. आठ वाट्यांची एक वाटी होईपर्यंत चुलीपुढून हलायची नाही. घरभर कडवट वास सुटायचा. गुरुदास डोळे मिटून तो घशाखाली उतरवायचा. आणि खरंच, थंडीचे दिवस बरे गेले. धार थोडी मोकळी झाली, पोटावरचा ताण कमी झाला. कलमांना आळी करताना तो पहिल्यासारखा शीळ घालायला लागला. गणपत रस्त्यात भेटला की त्याचा हात दाबायचा.

फाल्गुनात त्रास पुन्हा डोकावायला लागला. तेव्हा त्याने बाजारातल्या मोबाईलवाल्याला सांगून जाहिरातीतल्या कॅप्सूल मागवल्या. हिरवी डबी, वर पानाफुलांचं चित्र आणि दाढी पिकलेला एक धडधाकट माणूस. सुभद्राने डबी हातात घेऊन उलटसुलट केली.

"ह्या गणपतभावजींका विचारलात?"

"तेका कित्याक विचारूक व्हया? तोय झाडपालो, ह्योय झाडपालो."

डबी तिने फडताळात काढ्याच्या पुडीशेजारी ठेवली.

आता हंगामाच्या ऐन भरात गुरुदासला सर्दी झाली. दिवसभर घाम, घामावर वारा. नाक चोंदलं, डोकं ठणकायला लागलं. नाक्यावरच्या दुकानातून त्याने सर्दीच्या गोळ्या आणल्या, एक सकाळी घेतली, एक दुपारी, आणि झाडावर चढला. पाणी नाहीच. दुसऱ्या दिवशीही तेच. दुपारी जेवायला खाली उतरला, गडग्याकडे गेला, आणि काही झालं नाही. थेंबसुद्धा नाही.

तो भिंतीला हात टेकून उभा राहिला. घामाने बनियन अंगाला चिकटलेलं. जोर केला तशी ओटीपोटात सुरी फिरल्यासारखी कळ आली आणि तो कमरेत वाकला. गड्यांना दिसू नये म्हणून तो तसाच वाकून घराच्या मागच्या अंगाने गेला आणि गोठ्यात शिरला.

सुभद्रा म्हशीला पाणी दाखवायला आली, तेव्हा तो मेढीला कपाळ टेकून उकिडवा बसलेला होता. चेहरा राखेसारखा.

"काय झाला?"

"बंद झाला."

तिला कळलं. ती धावत आत गेली, उरलेला काढा घेऊन आली. त्याने तो प्यायला. मग तिने शहाळं फोडून दिलं, तेही प्यायला. पोटात कळीवर कळ. तो बायकोचा हात धरून म्हणाला, "आकांक्षाक कळूक देव नको." पण आकांक्षा गोठ्याच्या दारात उभीच होती. ती वळली, स्कूटर काढली आणि गणपतला घेऊन आली.

गणपत आत आला, गुरुदासला त्याने गवतावर उताणं निजवलं आणि ओटीपोटावर हात ठेवला. पोट नारळासारखं घट्ट, वर आलेलं. सुभद्राच्या हातात काढ्याचं भांडं बघून तो ओरडला. त्याला ओरडताना आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"एक थेंब देव नको वयनी! धरणाचो दरवाजो बंद आसा, वरसून पाणी कित्याक सोडतास?"

मग तो गुरुदासकडे वळला. "कणकवलेच्या डॉक्टरान काय सांगल्यान होता तुका? गाठ केवढी? कसली?"

गुरुदासने तोंड फिरवलं. म्हशीने शेपटी झटकली.

"मी गेलंयच नाय, गणपत."

गणपतचा हात पोटावर होता तिथेच राहिला. मग तो म्हणाला, "बरा. ता मगे. आकांक्षा, ह्याका आताच्या आता दवाखान्यात नेवक व्हया. ह्या माज्या औषधाचा काम न्हय."

पिकअपमध्ये आंब्याची क्रेट अर्धी भरून झाली होती. आकांक्षाने गड्यांना हाक मारली, "सगळी खाली उतरवा." समर्थ म्हणाला, "वयनी, आजची गाडी चुकात." ती म्हणाली, "चुकांदे." तिने आतून गादी आणून मागे टाकली. गुरुदास कळवळत होता तरी म्हणाला, "बाय, आंबो फुकट जायत." आकांक्षाने त्याचे पाय उचलून गादीवर घेतले. "आंबो पुढल्या वर्साक परत येतलो, बाबा. तुमी गप रवा."

गणपत मागेच बसला, गुरुदासचं डोकं मांडीवर घेऊन. कुणकेश्वरच्या बाजूने रस्ता चढ-उताराचा, खड्ड्यांचा. एकेका खड्ड्याला गुरुदासच्या तोंडून गुरासारखा आवाज निघायचा. आकांक्षा खड्डा दिसला की गाडी माणसाच्या चालीवर आणायची, पार झाला की परत पळवायची. सड्यावरचा काळा कातळ दोन्ही बाजूंना तापून वाफाळत होता. गणपतने उपरणं ओलं करून त्याच्या कपाळावर धरलं होतं.

"माजो बापूस असोच गेलो," तो मध्येच म्हणाला, जसं काही स्वतःशीच. "आषाढात. व्हाळाक पाणी, पलीकडे जावक वाट नाय. खळ्यात लोक बसान आयकत होते तेचा वराडणा. म्हणान मी ह्या औषध शिकलंय. पण व्हाळार पूल झालो तेवाच मी ठरवलंय, आता पैलो पूल, मगे माजी साल."

गुरुदासने त्याचं मनगट घट्ट धरलं.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात त्या वेळी एकच डॉक्टर होती, आणि ती बाई होती. मितेशपेक्षाही वयाने लहान. गुरुदासला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं. तिने पोटावर हात ठेवला आणि लगेच सिस्टरला हाक मारली.

"आजोबा, लाजू नका. नळी घालते, पाच मिनिटांत मोकळे व्हाल. श्वास सोडा लांब."

त्याने छताच्या पंख्यावर डोळे रोखले. लुंगी गेली, थंड काहीतरी लागलं, मग एक जळजळीत कळ, आणि मग पिशवीत धो-धो पडल्यासारखा आवाज. आवाज थांबेना. ओटीपोटावरचा दगड कोणी हळूहळू उचलून नेत होतं. गुरुदासच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी कानात उतरलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

डॉक्टरबाईने विचारलं, काय काय घेत होतात? गणपतने खिशातून सालीचा तुकडा आणि सराट्याची पूड काढून टेबलावर ठेवली आणि मालवणी सोडून पुस्तकी मराठीत, अडखळत, एकेक नाव सांगितलं, किती, कसं, कधीपासून. सुभद्राने पिशवीत घालून दिलेली हिरवी डबी आणि सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट आकांक्षाने पुढे केलं.

डॉक्टरबाईने साल नाकाशी नेली. हसली नाही. "काका, ह्याने काही जणांना सुरुवातीला आराम वाटतो. खात्रीने किती गुण येतो हे मी सांगू शकणार नाही. पण आराम वाटला म्हणून आतली प्रोस्टेटची गाठ लहान झाली असं नसतं. ती वाढतेय का, किडनीवर ताण येतोय का, वाईट आहे का, हे बघावंच लागतं."

"मी... मी पण सगळ्यांना हेच सांगतो, बाई," गणपत म्हणाला.

"मग बरोबर सांगता." तिने गोळ्यांचं पाकीट उचललं. "आज अडलं ते बहुतेक ह्याने. सर्दीच्या गोळीने लघवीची वाट आवळते. त्यात पाणी बंद, दिवसभर धरून ठेवलेली. आणि ह्या डबीवर आत नेमकं काय आहे ते धड लिहिलेलंही नाही, ती फेकून द्या. काढाही आता थांबवा. मी गोळी देते, नळी आठवडाभर राहील. मग बघू."

बाहेर बाकावर गणपत गुरुदासशेजारी बसला. मग एवढंच म्हणाला, "तुज्या शब्दार मी विश्वास ठेवलंय. माज्या औषधान तुका बरा वाटला, म्हणान तू घरात बसान रवलंस. तुका काय झाला असता तर ती साल मी परत हातात धरलंय नसती."

गुरुदास मान खाली घालून ऐकत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर सोसणं सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर पिशवी रिकामी करायची वेळ आली तेव्हा त्याने दार लावून घेतलं. आतून भांड्याचा आवाज, मग काहीतरी सांडल्याचा. आकांक्षाने दारावर थाप मारली. "बाबा, उघडा. माज्या बापाशीचा मी चार म्हयने केलंय. एकदा शिकान घेवा, मगे मी बघूचंय नाय." त्याने दार उघडलं. तिने खाली बसून, चिमटा कसा सोडायचा, नळी वर कशी धरायची, हात आधी नि मागाहून कसे धुवायचे, सगळं दाखवलं आणि फडक्याने फरशी पुसून बाहेर गेली. दुसऱ्या दिवसापासून तो ते स्वतः करायला लागला. सुभद्राने जुन्या चादरीची एक थैली शिवली, नाडी लावली. पिशवी तिच्यात घालून कमरेला बांधता यायची.

आंबा तर अजून झाडावर होता. समर्थ आणि उरलेले गडी जमेल तेवढा काढत होते, पण निवड करायला माणूस नव्हता. कच्चा, तयार, डागी, सगळा एका क्रेटात येत होता. गुरुदास पडवीत बसून ते बघायचा आणि बोटं मोडायचा. तिसऱ्या दिवशी तो उठला. सुभद्रा म्हणाली, "खंय जातास असे?" तो म्हणाला, "मांगराक."

मांगरात, बागेतल्या आंबे भरायच्या त्या खोपटात, आठ-दहा माणसं होती. गडी, शेजारच्या बागेतले दोघे म्हातारे, पेटीत पेंढा भरणाऱ्या बायका. गुरुदास आत आला तसं सगळ्यांचं बोलणं बंद पडलं. लुंगीखालून आलेली नळी थैलीत गेलेली दिसत होती. समर्थने बघितलं आणि पटकन नजर दुसरीकडे वळवली. गुरुदास सावकाश स्टुलावर बसला. एक आंबा उचलला, खांद्यावर अंगठा फिरवला, उजवीकडे ठेवला. दुसरा उचलला. मग मान वर न करता म्हणाला:

"बघूचा आसा तर सरळ बघा. मुताची पिशवी आसा ती. गणपतान माका इचारल्यान, डॉक्टराक दाखवलंस काय, आणि मी तेका खोटा सांगलंय. लाज वाटली. ती लाज आता कमरेक बांधून फिरतंय."

समर्थ पुढे आला, भरलेली क्रेट त्याच्या पायाशी आणून ठेवली आणि रिकामी उचलताना हळूच म्हणाला, "आबा, त्या दिसा मी गडग्याचा बोललंय..."

"बोललंस ता बरा बोललंस. मोहोर इलो मात्र नाय," गुरुदास म्हणाला. आधी बायका हसल्या, मग सगळा मांगर.

त्यानंतर दोघा म्हाताऱ्यांतला एक स्टूल ओढून जवळ आला. नळी घालताना दुखतं का, त्याने विचारलं. दुसऱ्याने विचारलं, बाई डॉक्टर होती हे खरं का. गुरुदास आंबे निवडता निवडता सांगत गेला, सगळं, कळीपासून पंख्यापर्यंत. दुपार कलली तरी ते बसून होते. त्या दिवसापासून तो रोज मांगरात येत राहिला. झाडावर समर्थ चढायचा, आणि गुरुदास खालून ओरडायचा, "तो नको, तेचे खांदे अजून पडलेले आसत. पलीकडचो घे."

नळी काढायच्या दिवशी डॉक्टरबाईने त्याला पाणी प्यायला लावलं आणि आवारात फिरायला सांगितलं. गणपत त्याच्याबरोबर फिरत होता, एका आंब्याच्या झाडापासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत, परत झाडापर्यंत. होईल की नाही? नाही झालं तर परत नळी, मग ऑपरेशन. मग गुरुदास आत गेला. गणपत दाराबाहेर कान देऊन उभा. गुरुदास बाहेर आला तो लुंगी सावरत, आणि गणपतकडे न बघता आधी वर आभाळाकडे बघून त्याने हात जोडले.

"झाला?"

"झाला रे. पोरासारखा झाला."

गाठीचा अंदाज देणारी रक्ताची तपासणी डॉक्टरबाईने मुद्दाम पुढे ढकलली होती, नळीने आकडा उगाच चढतो म्हणून. ती नंतर झाली, गाठीची साधी वाढ निघाली. गोळी चालू राहिली.

मे महिन्याच्या अखेरीला आंबा संपला आणि पिकअप रिकामी झाली. तेव्हा आकांक्षाने तिच्यात माणसं भरली. मांगरातले ते दोघे म्हातारे, आणखी तिघे, आणि सगळ्यांना धीर द्यायला गणपत नि गुरुदास. दवाखान्यात ओळीने बाकावर बसले, एकेक जण आत जायचा, हुश्श करत बाहेर यायचा. गणपत प्रत्येकाची पाठ थोपटत होता. गुरुदासने त्याला बाजूला घेतलं.

"आणि तू रे?"

"माका काय झालाहा?"

"रोज काढो घेतस मां तू?"

"घेतंय."

"कित्याक घेतस मगे?"

गणपतने खाली जमिनीकडे बघितलं. "माका कोणी इचारूकच नाय," तो म्हणाला. "मी सगळ्यांका इचारत रवलंय. माका भिया वाटता, गुरुदास. बापाशीचो आवाज कानात आसा अजून."

"मी आसंय बाहेर."

बाकावरचे पाचही जण बघत होते. ज्याच्या पडवीत ते चोरून बसले होते, तो गणपत त्यांच्यासमोर उठला, चपला दाराशी काढल्या आणि आत गेला.

त्याचा रक्तातला आकडा मात्र चढलेला निघाला. डॉक्टरबाईने परत तपासला, परत तेच. मग गोव्याच्या मोठ्या हॉस्पिटलात जावं लागलं. सुईने तुकडा काढणं, स्कॅन, परत वाट बघणं. प्रत्येक खेपेला गुरुदास बरोबर. गणपतच्या शेतात लावणीला माणूस कमी पडला तेव्हा समर्थ चिखलात उतरला, कोणी सांगायची वाट न बघता. आणि ह्या सगळ्या दिवसांत पडवीत नवा माणूस आला की गणपत त्याला आधी स्वतःचंच सांगायचा. "मी सगळ्यांका तपासूक धाडलंय आणि आपण रवलंय. माज्या सालीन माका बरा वाटत होता, आणि आतमध्ये ह्या वाढत होता. आता तूच सांग, आधी खंय जातलंस?" गावात एकदोघांनी मागे कुचकट बोलून घेतलं, 'वैद्याकच रोग'. पण पडवीतून उठून सरळ दवाखान्यात गेलेली माणसं त्याहून पुष्कळ होती.

श्रावणात गोव्याच्या डॉक्टरने शेवटी सांगितलं. गाठ वाईट आहे, पण आतच आहे, बाहेर कुठे पसरलेली नाही. वेळेत आलात. गणपती झाले की ऑपरेशन करू, त्यानंतर पुष्कळ वर्षं जगाल.

परतीच्या वाटेवर पाऊस लागला. आकांक्षा गाडी चालवत होती, शेजारी गुरुदास नि गणपत अंग चोरून बसलेले. हमरस्ता सोडून गाडी गावच्या रस्त्याला लागली, तशी गणपतने चुळबूळ केली. मग गुरुदासने केली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"बाय," गुरुदास मोकळ्या आवाजात म्हणाला, "गाडी जरा थांबव गो. आमका दोघांकय लघवेक जावचा आसा."

आकांक्षाने गाडी कडेला घेतली. एकच छत्री होती. ती उघडून दोघे खाली उतरले आणि करवंदीच्या जाळीआड जाऊन उभे राहिले, खांद्याला खांदा लावून, छत्रीचा दांडा मध्ये धरून. पाऊस छत्रीवर ताडताड वाजत होता. गणपत काहीतरी म्हणाला असावा, कारण गुरुदास हसायला लागला, मग गणपतही, आणि छत्री दोघांच्या डोक्यावर गदगदा हलायला लागली.

वेळ लागणार होता. आकांक्षाने मान दुसरीकडे वळवली आणि इंजिन बंद केलं.